‘मेडिकल होम’चे मूल्यमापन : अमेरिकेच्या अनुभवातून काही धडे

नवे औषध बाजारात आले की आपण त्याच्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहतो. त्याची तुलना कशाशी केली, किती रुग्णांवर केली, किती काळ केली, दुष्परिणाम कोणते आढळले, हे विचारल्यावाचून ते चिठ्ठीवर लिहू नये, असे आपल्याला शिकविले गेले आहे. परंतु रुग्णसेवेची एखादी नवी रचना पुढे आली की हीच वृत्ती आपण बाजूला ठेवतो. दवाखान्यात संगणक आला, साहाय्यक वाढले, भिंतीवर मानांकनाचे प्रमाणपत्र झळकले, म्हणजे सेवा सुधारलीच असे गृहीत धरले जाते. वास्तविक सेवेची रचना हीसुद्धा एक उपाययोजनाच आहे. तिलाही मात्रा असते, खर्च असतो आणि दुष्परिणामही असतात. मग तिला औषधाची कसोटी का लावू नये?

ही कसोटी मोठ्या प्रमाणावर लावली गेल्याचे एक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘पेशंट-सेंटर्ड मेडिकल होम’ ही योजना. या योजनेवर जितका उत्साह आणि पैसा खर्च झाला, जवळजवळ तितक्याच चिकाटीने तिचे मूल्यमापनही झाले. त्या मूल्यमापनातून जे हाती आले ते सरळसोट यश नव्हे आणि सरळसोट अपयशही नव्हे. म्हणूनच ते अभ्यासण्यासारखे आहे. प्राथमिक सेवा देणाऱ्या आपल्यासारख्या व्यावसायिकांना त्यातून काय शिकता येईल, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेचा उगम आणि विकास

प्रथम नावाविषयी थोडेसे. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की दहा-वीस खाटांचे खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. ‘मेडिकल होम’ ही मात्र इमारत नव्हे. रुग्णाच्या आरोग्याचा हिशेब जिथे एकत्र ठेवला जातो आणि त्याची जबाबदारी जिथे कोणीतरी स्वीकारलेली असते, असे ठिकाण म्हणजे त्याचे ‘वैद्यकीय घर’.

हा शब्द प्रथम वापरला बालरोगतज्ज्ञांनी. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स या संस्थेने १९६७ साली, दीर्घ आजार असलेल्या मुलांचे वैद्यकीय कागदपत्र एका जागी असावेत, या मर्यादित अर्थाने तो योजला होता. एकाच मुलाला चार तज्ज्ञ पाहत असतील, तर त्या चौघांच्या नोंदी कुठेतरी एकत्र आल्या पाहिजेत, हा त्यामागील साधा विचार. पुढे हवाई बेटांवरील बालरोगतज्ज्ञ डॉ. कॅल्विन सिया यांनी या कल्पनेला समाजाभिमुख सेवेचे रूप दिले. दुसरीकडे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डॉ. बार्बरा स्टारफील्ड यांनी प्राथमिक सेवेचे चार आधारस्तंभ मांडले : प्रथम संपर्क, सातत्य, सर्वसमावेशकता आणि समन्वय. सिअॅटलचे डॉ. एडवर्ड वॅग्नर यांनी १९९० च्या दशकात दीर्घकालीन आजारांच्या देखभालीचा आराखडा तयार केला. रुग्ण दारात येईल तेव्हा त्याला पाहावयाचे, एवढ्यावर न थांबता तो न आल्यास त्याला बोलावून घ्यावयाचे, हे त्या आराखड्याचे मर्म होय.

हे तिन्ही प्रवाह २००७ साली एकत्र आले. फॅमिली फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, अंतर्गत वैद्यकतज्ज्ञ आणि ऑस्टिओपॅथिक डॉक्टर यांच्या चार राष्ट्रीय संघटनांनी मेडिकल होमची सात संयुक्त तत्त्वे जाहीर केली. प्रत्येक रुग्णाला स्वतःचा डॉक्टर, त्या डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम करणारा चमू, संपूर्ण व्यक्तीचा विचार, समन्वित सेवा, गुणवत्ता व सुरक्षितता, सहज उपलब्धता आणि या सर्व कामाचा योग्य मोबदला, अशी ती तत्त्वे. दुसऱ्याच वर्षी, २००८ मध्ये, एनसीक्यूए या मानांकन संस्थेने मेडिकल होमचे प्रमाणपत्र देण्यास प्रारंभ केला. गुणांनुसार त्याचे तीन स्तर होते. २०१७ च्या सुधारित मानकांत हे स्तर काढून टाकण्यात आले. सातव्या तत्त्वावर, म्हणजे मोबदल्यावर, वाचकांनी विशेष लक्ष ठेवावे; पुढील साऱ्या कहाणीचे एक सूत्र तिथे आहे.

मोजावयाचे काय?

आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे मोजमाप कसे करावे, याची आजही उपयोगी पडणारी चौकट ॲव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली मांडली. ते तीन पायऱ्या सांगतात : रचना, प्रक्रिया आणि परिणाम. दवाखान्यात मधुमेही रुग्णांची नोंदवही आहे, ही रचना. त्या नोंदवहीतील किती जणांची वर्षभरात एचबीए१सी तपासणी झाली, ही प्रक्रिया. किती जणांचे डोळे, मूत्रपिंड आणि पाय वाचले, हा परिणाम.

रचना मोजणे सर्वांत सोपे, परिणाम मोजणे सर्वांत कठीण. मानांकनाचे प्रमाणपत्र मुख्यतः रचना आणि काही प्रमाणात प्रक्रिया तपासते. त्यामुळे ‘हा दवाखाना प्रमाणित मेडिकल होम आहे’ या विधानाचा अर्थ ‘येथील रुग्ण अधिक बरे आहेत’ असा होत नाही. तो तसा होतो काय, हाच तर मूल्यमापनाचा प्रश्न.

परिणामांचे चार हिशेब स्वतंत्रपणे मांडावे लागतात. पहिला आजाराच्या देखभालीचा दर्जा. दुसरा रुग्णाचा स्वतःचा अनुभव : भेट वेळेवर मिळते काय, डॉक्टर ऐकून घेतात काय, तज्ज्ञाने सांगितलेले आपल्या डॉक्टरला ठाऊक असते काय. तिसरा खर्च आणि रुग्णालयाचा वापर. चौथा हिशेब पुष्कळदा विसरला जातो, तो म्हणजे काम करणाऱ्यांची अवस्था. डॉक्टर आणि परिचारिका थकून गेल्या तर उत्तम रचनाही दोन वर्षांत कोसळते.

सहा प्रयोग, सहा उत्तरे

१. राष्ट्रीय प्रात्यक्षिक प्रकल्प (२००६–२००८). फॅमिली फिजिशियन संघटनेच्या पुढाकाराने ३६ दवाखाने निवडण्यात आले. चिठ्ठी टाकावी तशी यादृच्छिक विभागणी करून निम्म्यांना बाहेरील मार्गदर्शक देण्यात आले. उरलेल्यांनी स्वतःच्या बळावर बदल करावयाचे होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन्ही गटांत आजारांच्या देखभालीचे निकष थोडेसे सुधारले. परंतु रुग्णांच्या स्वतःच्या मते सेवा सुधारली नाही, उलट काही बाबतींत किंचित घसरली. सतत नवनव्या बदलांमुळे कर्मचारी थकून गेले. घराची दुरुस्ती चालू असताना घरातल्या माणसांची जी अवस्था होते, तीच येथे रुग्णांची झाली असावी.

२. ग्रुप हेल्थ, सिअॅटल. या सहकारी संस्थेने २००६ च्या अखेरीस आपल्या एका दवाखान्यात मूलगामी बदल केला. प्रत्येक डॉक्टरकडील नोंदणीकृत रुग्णांची संख्या सुमारे २,३०० वरून १,८०० वर आणली आणि नेहमीच्या भेटीची वेळ २० मिनिटांवरून ३० मिनिटे केली. दोन वर्षांनंतर, संस्थेच्या अन्य दवाखान्यांच्या तुलनेत, तातडीच्या विभागातील भेटी २९ टक्क्यांनी आणि रुग्णालयातील प्रवेश ६ टक्क्यांनी कमी आढळले. दरमहा दर रुग्णामागे सुमारे १० डॉलरची बचत दिसली. मात्र ती सांख्यिकीय महत्त्वाच्या नेहमीच्या उंबरठ्याच्या किंचित अलीकडेच राहिली. डॉक्टर-कर्मचाऱ्यांचा थकवाही कमी झाला. ही फलश्रुती आकर्षक खरी; परंतु हा एकच दवाखाना होता आणि विमा, दवाखाना व तज्ज्ञ एकाच संस्थेच्या छत्राखाली होते, हे विसरता येत नाही.

३. पेनसिल्व्हेनिया, आग्नेय विभाग (२००८–२०११). स्वेच्छेने सहभागी झालेल्या ३२ दवाखान्यांनी मानांकन मिळविले आणि त्यासाठी घसघशीत प्रोत्साहन रकमाही स्वीकारल्या. तीन वर्षांनी ११ निकषांपैकी फक्त एकात, मधुमेही रुग्णांच्या मूत्रपिंड-तपासणीत, तुलना-गटापेक्षा लक्षणीय सुधारणा आढळली. रुग्णालयाचा वापर आणि एकूण खर्च यांत फरक पडला नाही. २०१४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा मेडिकल होमच्या पुरस्कर्त्यांत मोठी खळबळ उडाली.

४. पेनसिल्व्हेनिया, ईशान्य विभाग (२००९–२०१२). त्याच राज्यात, बहुतांशी त्याच अभ्यासकांनी, २७ दवाखान्यांचे मूल्यमापन केले आणि उत्तर वेगळे आले. मधुमेहाच्या देखभालीचे निकष व स्तनाच्या कर्करोगाची तपासणी सुधारली. रुग्णालयातील प्रवेश, तातडीच्या भेटी आणि तज्ज्ञांकडील फेऱ्या कमी झाल्या. असे का व्हावे? येथे प्रमाणपत्रावर भर कमी होता. आपला कोणता रुग्ण कुठे दाखल झाला, ही माहिती दवाखान्यांना वेळेवर मिळत होती. देखभाल-व्यवस्थापक परिचारिका होत्या. खर्चात बचत झाली आणि दर्जाही राखला, तर त्या बचतीचा वाटा दवाखान्याला मिळणार होता. आग्नेय विभागात मोबदला मानांकनाच्या स्तराशी जोडला होता; ईशान्येत तो प्रत्यक्ष फलिताशी जोडला. नाव एकच, औषध मात्र वेगळे.

५. माजी सैनिकांची आरोग्यसेवा (२०१० पासून). अमेरिकेच्या ‘व्हेटरन्स’ आरोग्यसेवेने आपल्या देशभरातील प्राथमिक दवाखान्यांत ही पद्धत एकदमच सुरू केली. ९१३ दवाखान्यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात असे दिसले, की जिथे पद्धतीची अंमलबजावणी खरोखर झाली तिथे रुग्ण अधिक समाधानी, कर्मचारी कमी थकलेले आणि तातडीच्या भेटी कमी. जिथे ती नावापुरती झाली तिथे हे दिसले नाही. परंतु त्याच वर्षीच्या आर्थिक विश्लेषणानुसार पहिल्या सुमारे तीन वर्षांत ७७ कोटी ४० लक्ष डॉलर गुंतवून ५९ कोटी ६० लक्ष डॉलरचाच खर्च टळला.

६. केंद्र शासनाचा सर्वंकष प्राथमिक सेवा उपक्रम (२०१२–२०१६). ‘मेडिकेअर’ विभागाने अन्य विमाकंपन्यांच्या साहाय्याने सात प्रदेशांतील सुमारे ५०० दवाखान्यांना दर रुग्णामागे दरमहा अतिरिक्त शुल्क दिले. मेडिकेअरचा हप्ता प्रारंभी सरासरी २० डॉलर, नंतर १५ डॉलर होता. अखेरच्या अहवालात तातडीच्या भेटींची वाढ सुमारे २ टक्क्यांनी मंदावल्याचे आढळले. खर्चातील घट मात्र दिलेले शुल्क भरून काढण्याइतकी नव्हती आणि रुग्णांच्या अनुभवातही फारसा फरक पडला नाही.

या आधी, २०१३ साली, १९ तुलनात्मक अभ्यासांचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला होता. रुग्णांच्या अनुभवावर अल्प, प्रतिबंधक सेवांवर अल्प ते मध्यम अनुकूल परिणाम. खर्चाची बचत सिद्ध होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढील दशकाने या चित्राच्या रेषा अधिक ठळक केल्या, चित्र बदलले नाही.

मूल्यमापनातील सापळे

वरील प्रयोगांतील उत्तरांची भिन्नता काही अंशी योजनांच्या भिन्नतेमुळे आहे. पण मोजण्याच्या पद्धतीतही फसगतीच्या जागा आहेत. त्यांपैकी पाच मला विशेष महत्त्वाच्या वाटतात.

(अ) तुलनेचा अभाव. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. योजना सुरू होण्यापूर्वी हजार रुग्णांमागे तातडीच्या भेटी २०० होत्या. दोन वर्षांनी १८० झाल्या. वीस भेटी वाचल्या, असा अहवाल लिहिण्याचा मोह होतो. परंतु शेजारच्या, योजनेत नसलेल्या दवाखान्यांतही त्या २०० वरून १८५ वर आल्या असतील, तर योजनेचे श्रेय फक्त पाच भेटींचे. ‘आधी आणि नंतर’ यांतला फरक पुरेसा नाही. त्या फरकांतला फरक पाहावा लागतो.

(आ) स्वयंनिवड. जे दवाखाने स्वेच्छेने पुढे येतात ते आधीपासूनच उत्साही आणि सुव्यवस्थित असतात. त्यांच्या यशात योजनेचा वाटा किती आणि मूळ स्वभावाचा किती, हे वेगळे काढणे अवघड. शिवाय, आधीच चांगले असलेल्यांना सुधारण्यास वावही कमी असतो.

(इ) सरासरीकडे परतणे. यंदा सर्वाधिक वेळा दाखल झालेले रुग्ण निवडले, तर पुढील वर्षी काहीही न करता त्यांचे प्रवेश कमी होतात. कारण आपण त्यांना त्यांच्या सर्वांत वाईट काळात निवडलेले असते. न्यू जर्सीतील कॅमडेन शहरात अशा रुग्णांसाठी घरोघर जाऊन समन्वय करणारा एक गाजलेला उपक्रम होता. ८०० रुग्णांची यादृच्छिक चाचणी २०२० च्या प्रारंभी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण उपक्रमाच्या गटात ६२.३ टक्के, तुलना-गटात ६१.७ टक्के! प्रवेश कमी झाले होते हे खरेच. पण ते दोन्ही गटांत सारखेच झाले होते. तुलना-गट नसता तर हा उपक्रम मोठे यश म्हणून मिरविला गेला असता, आणि त्यात कोणी खोटे बोलले आहे असेही म्हणता आले नसते.

(ई) समूहाचे गणित. एका दवाखान्यातील रुग्ण एकमेकांसारखे असतात. त्यांचा डॉक्टर एक, वस्ती एक, सवयी जवळपास सारख्या. म्हणून वीस दवाखान्यांतील प्रत्येकी १,५०० असे ३०,००० रुग्ण म्हणजे ३०,००० स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. दवाखान्यांतर्गत सारखेपणाचा सहसंबंध केवळ ०.०२ धरला, तरी एका दवाखान्यातील रुग्णसंख्येतून एक वजा करून तिला ०.०२ ने गुणावे आणि त्यात एक मिळवावा, या सूत्राने सुमारे ३१ हा भाजक येतो. म्हणजे ३०,००० रुग्णांचे प्रत्यक्ष वजन सुमारे ९७० रुग्णांचेच. प्रत्येक दवाखान्यातील रुग्ण दुप्पट केले तर हे वजन जेमतेम ९८४ होते. दवाखानेच दुप्पट केले तर ते १,९०० च्या पुढे जाते. अधिक रुग्णांपेक्षा अधिक दवाखाने हवेत, हा धडा. हे गणित दुर्लक्षून काढलेले ‘लक्षणीय’ निष्कर्ष नंतर टिकत नाहीत.

(उ) घाई. दवाखान्याला नवी पद्धत अंगवळणी पडण्यासच एक-दीड वर्ष जाते. मधुमेहाची नीट देखभाल केल्याचे फळ मूत्रपिंडाला आठ-दहा वर्षांनी दिसते. दोन वर्षांच्या प्रकल्पात आपण बीज पेरून लगेच माती उकरून पाहतो. याउलट, ‘अजून वेळ हवा’ ही सबब अनंत काळ देता येते. म्हणून कोणता बदल केव्हा दिसावयास हवा, हे आरंभीच कागदावर लिहून ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग.

निष्कर्ष कसा वाचावा?

या साऱ्यांतून मी स्वतःपुरता जो अर्थ काढतो तो असा. मेडिकल होम हे एकच औषध नव्हे. अनेक घटकांचे ते मिश्रण आहे. त्यातील क्रियाशील घटक कोणते? प्रयोगांत जिथे गुण आला तिथे तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. डॉक्टरला रुग्णासाठी अधिक वेळ मिळाला. आपला रुग्ण अन्यत्र गेल्याची बातमी दवाखान्याला वेळेवर मिळाली. मोबदला कागदोपत्री पूर्ततेसाठी नव्हे, तर देखभालीच्या फलितासाठी दिला गेला. जिथे संगणकातील चौकटी भरण्यातच श्रम खर्ची पडले, तिथे रुग्णाला काही जाणवले नाही.

खर्चाची बचत हीच एकमेव कसोटी मानणे मला योग्य वाटत नाही. मधुमेही स्त्रीचे डोळे वाचले आणि त्यासाठी थोडा अधिक खर्च झाला, तर आपण त्याला अपयश म्हणणार काय? शस्त्रक्रियेकडून आपण कधी बचतीची अपेक्षा करीत नाही. प्राथमिक सेवेनेच मात्र स्वतःचा खर्च भरून काढावा, असा दुजाभाव का? मात्र ज्यांनी बचतीचे आश्वासन देऊन निधी मिळविला, त्यांना त्याच मापाने मोजले जाणे अपरिहार्य होते. आश्वासन बेताने द्यावे, हाही एक धडाच.

सातत्याविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, एकाच डॉक्टरकडे सातत्याने जाणे आणि मृत्युदर यांच्या संबंधाचे २२ अभ्यास तपासले गेले. त्यांपैकी १८ अभ्यासांत अधिक सातत्याबरोबर कमी मृत्युदर आढळला. हे सारे निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. तरीही मेडिकल होमच्या अनेक घटकांपैकी सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त घटक हाच आहे, आणि प्रमाणपत्रात त्याचेच वजन पुरेसे पडत नाही, हे विचार करण्यासारखे आहे.

आपल्या दवाखान्यात

इंदूरसारख्या शहरात ‘घरचे डॉक्टर’ ही संस्था तीन पिढ्या पाहिलेली कुटुंबे आजही आहेत. आजोबांचा दमा, वडिलांचा रक्तदाब आणि नातवाचा गोवर एकाच डॉक्टरने पाहिलेला असे. अमेरिकेला ज्याचे नव्याने नाव ठेवावे लागले, ते आपल्याकडे होतेच, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु हाही एक दावा आहे आणि त्यालाही पुरावा मागता येतो. आज माझ्यासमोर बसणारी वयस्क रुग्ण पिशवीभर कागद घेऊन येते. हृदयरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि मधुमेहतज्ज्ञ अशा तिघांच्या चिठ्ठ्या त्यात असतात आणि कधीकधी एकच औषध दोन व्यापारी नावांनी चालू असते. दोष कोणा एकाचा नाही. पण त्या पिशवीची जबाबदारी घेणारा कोणी उरलेला नाही. शासनानेही २०१८ पासून उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचे ‘आरोग्य व स्वास्थ्य केंद्रां’त रूपांतर आरंभिले, २०२३ साली त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नाव मिळाले. तिथेही केंद्रे किती उघडली याची गणना सोपी आहे आणि रुग्णांचे काय झाले याची कठीण.

म्हणून आपल्या सभासदांपुढे मी एक छोटी सूचना ठेवतो. कोणत्याही मानांकनाची वाट न पाहता, साध्या वहीवर किंवा संगणकावर, पाच गोष्टी मोजता येतील.

एक, आपल्या दीर्घकालीन रुग्णांची यादी. आपल्याकडे रुग्ण नोंदणीकृत नसतात. त्यामुळे अंश असतो, छेद नसतो. किती मधुमेही आले हे सांगता येते, किती यावयास हवे होते हे सांगता येत नाही. यादी केली की छेद मिळतो.

दोन, सातत्य. रुग्णाने वर्षभरात सर्व डॉक्टरांकडे मिळून केलेल्या भेटींपैकी आपल्याकडे किती झाल्या? आठपैकी पाच, म्हणजे सुमारे ०.६३. रुग्णाला विचारून हे कळू शकते.

तीन, प्रक्रिया. यादीतील किती जणांची वर्षभरात एचबीए१सी, डोळ्याच्या पडद्याची आणि लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी झाली? किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे?

चार, समन्वय. रुग्णालयातून घरी आलेल्या रुग्णांपैकी किती जण आठवड्याच्या आत आपल्याला भेटले, आणि किती जणांचे डिस्चार्ज कार्ड आपण पाहिले व सर्व औषधे पडताळली?

पाच, रुग्णाचे मत. ‘बरे वाटत नसेल तर प्रथम कोणाकडे जावयाचे, हे तुमचे ठरलेले आहे काय?’ आणि ‘तुमची सर्व औषधे ठाऊक असलेला एखादा डॉक्टर आहे काय?’ हे दोनच प्रश्न, परंतु ते डॉक्टरने स्वतः विचारू नयेत. समोर बसलेल्या डॉक्टरला कोणी नाही म्हणत नाही.

आता तुलनेचा प्रश्न. आपल्यातील बारा दवाखान्यांनी एकत्र यावे. बाराही जणांनी पहिल्या दिवसापासून मोजमाप सुरू करावे. पण रुग्णांना आठवण करून बोलावणे, औषधांची पिशवी तपासणे, हे बदल सहा दवाखान्यांनी लगेच आणि उरलेल्या सहांनी एक वर्षानंतर करावेत. कोणी आधी आणि कोणी नंतर, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. अशाने कोणताही रुग्ण कायमचा वंचित राहत नाही आणि पहिले वर्षभर आपल्याला प्रामाणिक तुलना-गट मिळतो. बारा दवाखान्यांवरून मृत्युदर किंवा खर्च यांविषयी काही सिद्ध होणार नाही, हे वर सांगितलेल्या गणितावरून उघड आहे. परंतु तपासण्यांचे प्रमाण आणि औषधांची पडताळणी यांत मोठा फरक पडत असेल, तर तो दिसेल. आणि पडत नसेल, तर तेही दिसले पाहिजे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जे मोजले जाते ते केले जाते, आणि जे मोजले जात नाही ते हळूहळू मागे पडते. नवरा गेल्यापासून जेवण जात नाही, हे सांगणाऱ्या स्त्रीला दिलेली दहा मिनिटे कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. पाच रकाने भरताना तिला दिलेला वेळ कमी झाला, तर आपण मूल्यमापन जिंकून सेवा हरलो असे होईल. पाचवा रकाना रुग्णाच्या मताचा ठेवला आहे तो यासाठीच.

समारोप

अमेरिकेच्या या अनुभवाचे मोल त्यांच्या यशापेक्षा त्यांच्या मोजण्याच्या धैर्यात आहे. स्वतःच पुरस्कारलेल्या योजनेचा प्रतिकूल निकाल छापून काढणे, त्यातून दुसऱ्या प्रयोगाची रचना बदलणे आणि पुन्हा मोजणे, ही शास्त्रीय वृत्ती कोणत्याही पैशाने विकत मिळत नाही, आणि तिला फारसा पैसा लागतही नाही. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत आपल्या बारा दवाखान्यांची आकडेवारी, मग ती सुखावणारी असो वा नसो, छापण्याची संधी संपादकांना मिळावी, अशी इच्छा व्यक्त करतो. या कामी ज्यांना सहभागी व्हावयाचे असेल, त्यांनी संस्थेच्या कार्यवाहांकडे आपले नाव अवश्य द्यावे.